केरास जी१२सी: सोकिंग करूनही सोटोरासिब दिसत नाही. नेमकं कुठे चुकतंय?

प्लेटवाली (प्रश्न)

केरास जी१२सी (१२ व्या ग्लायसिनच्या जागी सिस्टीन आलेलं, कर्करोगातलं केरास प्रथिन) आणि सोटोरासिब (त्या सिस्टीनला कायमचं चिकटणारं औषध) यांच्या एकत्र स्फटिकाची रचना हवी आहे. आतापर्यंतचा तपशील देते.

प्रथिन: केरास ४बी, अवशेष १ ते १६९, जी१२सी. बाकीच्या सिस्टीनना हात लावलेला नाही. ई. कोलाय बीएल२१ (डीई३), १८ अंशांना रात्रभर, ०.३ मिलीमोलर आयपीटीजी. निकेल कॉलम, टीईव्ही प्रोटिएजने टॅग काढला, पुन्हा निकेल, मग सुपरडेक्स ७५. निकेलच्या बफरमध्ये ५ मिलीमोलर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल होतं. शेवटच्या बफरमध्ये ५ मिलीमोलर मॅग्नेशियम आहे. नॅनोड्रॉपवर १८ मिग्रॅ/मिली.

स्फटिक: पीईजी ३३५० २४ टक्के, ०.२ मोलर सोडियम अ‍ॅसिटेट, ट्रिस ८.५, तापमान २० अंश. चार-पाच दिवसांत चांगल्या प्लेटी, म्हणजे पातळ पत्र्यांसारखे स्फटिक, येतात.

सोकिंग (तयार स्फटिक औषधाच्या द्रावणात भिजवणं): २ मिलीमोलर सोटोरासिब, १० टक्के डीएमएसओ, १६ तास. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर एक्स-रे डेटा घेतला, १.९ अँगस्ट्रॉम. ४ओबीई (पीडीबीतली जीडीपी-केरासची रचना) मॉडेल म्हणून घेऊन मॉलिक्युलर रिप्लेसमेंट लगेच बसलं, आर-फ्री २३ टक्के. केरासमध्ये बसलेलं न्यूक्लिओटाइड जीडीपी आणि मॅग्नेशियम नकाशात आरशासारखे स्वच्छ. सिस्टीन १२ जवळ मात्र ३ सिग्माला दोन-तीन पाण्यांएवढा हिरवा ठिपका, बाकी काही नाही. ४८ तास सोक केलं तर स्फटिक तडकतात.

तीन शंका आहेत. लिगंड (म्हणजे सोटोरासिब) आणखी वाढवू का? त्या ठिप्प्यात लिगंड बसवून रिफाइन करून पाहू का? आणि वेगळ्याच एका प्लेटमध्ये, अमोनियम फॉस्फेटच्या थेंबात, सुरेख टोकदार स्फटिक आलेत, पण यूव्ही सूक्ष्मदर्शकाखाली चमकत नाहीत. ते मीठच समजायचं का?

---

मूळ_बफर

लिगंड वाढवू नका. २ मिलीमोलरलाच त्यातलं बरंचसं थेंबात पूड होऊन बसलं असणार. कडेला बारीक पांढरा थर दिसतो का बघा.

खरी अडचण प्रमाणाची नाही. सोटोरासिब ज्या खाचेत बसतं, ती स्विच-२ (केरासचा एक हलणारा भाग) जवळची खाच मोकळ्या जीडीपी-केरासमध्ये तयार नसतेच. ४ओबीई उघडा आणि ६ओआयएम, म्हणजे सोटोरासिब लागलेल्या जी१२सी ची रचना, त्याच्यावर बसवा. पहिल्यात स्विच-२ आणि दुसरं हेलिक्स आत मिटलेलं आहे, दुसऱ्यात ते बाजूला सरकून खाच उघडली आहे. २०१३ मध्ये शोकाट यांच्या गटाने डायसल्फाइड तुकडे लावून ही खाच पहिल्यांदा दाखवली, तोवर रासच्या रचना पंचवीस वर्षं लोकांसमोर होत्या आणि ती कुणालाच दिसली नव्हती. द्रावणात स्विच-२ सतत हलतो, क्षणभर उघडतो, तेवढ्यात औषध आत शिरतं आणि सिस्टीनला कायमचं चिकटतं. तुमच्या स्फटिकात तोच भाग शेजारच्या रेणूंमध्ये आवळला गेला असेल तर त्याला हलायला जागा नाही. ४८ तासांत स्फटिक तडकतात ते याचंच लक्षण असू शकतं: जिथे थोडंफार लिगंड लागतं तिथे स्विच-२ सरकतो आणि जाळी मोडते. म्हणजे लिगंड लागलेले रेणू स्फटिक सोडून जातात आणि न लागलेले तुम्ही बीममध्ये ठेवता!

खातरजमा सोपी आहे. सोक केलेले पाच-सहा स्फटिक लिगंड नसलेल्या रिझर्व्हॉयरमध्ये तीनदा धुवा, विरघळवा आणि अखंड प्रथिनाचं मास स्पेक (वस्तुमान मोजणी) करा. +५६१ चं शिखर, म्हणजे एक सोटोरासिब लागलेलं प्रथिन, नगण्य निघालं तर विषय संपला.

तेव्हा आधी द्रावणात लिगंड लावा, मग स्फटिक करा. कृती अशी:

प्रथिन ५० मायक्रोमोलरवर आणा, म्हणजे साधारण १ मिग्रॅ/मिली. बफर २० मिलीमोलर हेपीस ७.५, १५० मिलीमोलर मीठ, ५ मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. डीटीटी, बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल यांतलं काहीही नको. सोटोरासिबचं जे अ‍ॅक्रिलामाइड टोक सिस्टीनला चिकटतं, त्यावर त्यांचे थायोल स्वतःच तुटून पडतात. १० मिली प्रथिनात ५०० नॅनोमोल होतात. दीडपट लिगंड म्हणजे ७५० नॅनोमोल, १० मिलीमोलर साठ्यातले ७५ मायक्रोलिटर. डीएमएसओ पाऊण टक्का राहतो, त्याने काही बिघडत नाही. लिगंड एकदम ओतू नका. हलवत हलवत १५-१५ मायक्रोलिटर, पाच वेळा. एकदम टाकलं की गढूळ होतं आणि मग किती लागलं, किती तळाशी गेलं हे कळत नाही.

सोटोरासिब खरं तर काही मिनिटांत लागतं, तरी खोलीच्या तापमानाला तासभर ठेवा. मग मास स्पेक. अ‍ॅक्रिलामाइडची जोडणी मायकेल पद्धतीची असल्याने रेणूतून काही गळत नाही, पूर्ण ५६०.६ डाल्टन वाढायला हवेत. ९५ टक्क्यांच्या वर लागलं असेल तरच पुढे जा. मिश्रणातून स्फटिक केला तर कुठलं रूप स्फटिकात जाईल याचा भरवसा नाही, आणि तुमच्या जुन्या अटीत तर न लागलेलंच जाईल. नंतर सुपरडेक्स ७५ वरून एकदा काढून घ्या, म्हणजे जादा लिगंड जातं. १५ ते २० मिग्रॅ/मिली करा, १४,००० आरपीएमवर दहा मिनिटं फिरवा आणि प्लेट लावा.

जुन्या अटीत स्फटिक येतीलच असं धरून चालू नका. लिगंड लागल्यावर पृष्ठभाग बदलतो, तेव्हा स्क्रीन नव्याने लावा, २०० अधिक २०० नॅनोलिटर. पीईजी ३३५० आणि ४००० च्या अटींकडे आधी लक्ष द्या. सुया किंवा पातळ पापुद्रे आले तर ते ठेचून नव्या थेंबात बीज म्हणून टाका (सीड करा), १:१०० ते १:१००० पातळ करून. सीड म्हणून तुमच्या जुन्या, लिगंड नसलेल्या प्लेटी वापरू नका. सीड नको तीच जाळी पुढे रेटतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून विचारतो. टीईव्ही कुठल्या बफरमध्ये साठवलेलं आहे? बऱ्याच ठिकाणी त्यात ईडीटीए असतं. केरासला ईडीटीए म्हणजे विषच. मॅग्नेशियम निघालं की जीडीपीची पकड सुटते, आणि न्यूक्लिओटाइड नसलेलं केरास थोड्या वेळात पांढरं होऊन खाली बसतं. प्रोटिएज इनहिबिटरच्या गोळ्याही ईडीटीए नसलेल्याच घ्या.

---

खडे_की_स्फटिक

तिसऱ्या शंकेपुरतं.

यूव्हीचा निकाल इथे ग्राह्य धरू नका. ते सूक्ष्मदर्शक मुख्यतः ट्रिप्टोफॅनच्या प्रकाशावर चालतं, आणि केरासच्या १ ते १६९ मध्ये ट्रिप्टोफॅन एकही नाही. आठ टायरोसिन आहेत, त्यांचा उजेड फिका. त्यामुळे केरासचे खरे स्फटिकही अंधारेच दिसतात आणि लोक ते फेकून देतात.

पण तुमच्या थेंबात अमोनियम आहे, फॉस्फेट आहे आणि प्रथिनाच्या बफरमधून मॅग्नेशियम आलंय. या तिघांचा मिळून स्ट्रुव्हाइट होतो. मुतखड्यात सापडतो तोच. पाण्यात सहज विरघळत नाही, कडा धारदार, दिसायला प्रथिनापेक्षा देखणा. तेव्हा सुईने टोचून पाहा. प्रथिनाचा स्फटिक ओल्या साबणासारखा चुरतो, मीठ असेल तर टक्कन आवाज आल्यासारखं तुटतं किंवा सुईखालून उडून जातं. त्याच अटीचा प्रथिनाशिवायचा, फक्त बफरचा थेंब शेजारी लावा. त्यातही तेच आले तर प्रश्न मिटला.

सायट्रेटच्या अटींपासूनही जरा दूर राहा. ०.२ मोलर सायट्रेट ५ मिलीमोलर मॅग्नेशियम गिळून टाकतं, मग वर म्हटलंय तीच गत.

---

आर_फ्री

ठिप्प्यात लिगंड बसवू नका, कृपा करून. ४१ जड अणूंचा रेणू दोन-तीन पाण्यांएवढ्या जागेत कोंबलात तर प्रोग्रॅम ऑक्युपन्सी (किती रेणूंत लिगंड आहे तो अंश) खाली आणि बी-फॅक्टर (अणूंची हालचाल दाखवणारा आकडा) वर नेऊन तुमचं मन राखेल. १.९ अँगस्ट्रॉमला ऑक्युपन्सी आणि बी-फॅक्टर एकमेकांत इतके गुंतलेले असतात की मग येणाऱ्या ०.३ सारख्या ऑक्युपन्सीला अर्थ नसतो. तो ठिपका पाणी असेल, डीएमएसओ असेल, किंवा ऑक्सिडाइज झालेलं सिस्टीन असेल. सल्फरला चिकटून एक-दोन ऑक्सिजनएवढी डेन्सिटी असेल तर शेवटच्या शक्यतेकडे आधी बघा.

नवीन स्फटिकाचा डेटा आला की पुढे काय, ते सांगतो.

मॉडेल म्हणून ४ओबीईच घ्या, पण स्विच-१ मधले २५ ते ४० आणि स्विच-२ मधले ५८ ते ७६ हे अवशेष कापून टाका. जीडीपी आणि मॅग्नेशियमही काढा. पहिल्याच नकाशात जीडीपी आपोआप उगवला तर उत्तर बरोबर आहे, याहून चांगला पुरावा नाही. ६ओआयएम मॉडेल म्हणून वापरायचा मोह होईल. त्यात स्विच-२ आधीच उघडा असल्याने तुमच्या नकाशात खाच तुमच्या डेटातून आली की त्याच्याकडून, हे सांगता येणार नाही. प्रथिन पूर्ण बांधून, पाणी घालून झाल्यावरच लिगंडकडे वळा. खाचेत पाणी मात्र आपोआप भरू देऊ नका.

लिगंडच्या रेस्ट्रेंट फाइलमध्ये (बंधांची लांबी आणि कोन प्रोग्रॅमला सांगणारी फाइल) दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो.

पहिला: फाइल औषधाच्या बाटलीवरच्या रेणूवरून बनवली जाते. त्यात अ‍ॅक्रिलामाइडचा दुहेरी बंध असतो. सिस्टीनला लागल्यावर तो राहत नाही, टोकाचे दोन्ही कार्बन एसपी३ होतात. जुनी फाइल वापरली की प्रोग्रॅम ते सपाट ठेवायला बघतो आणि नकाशात तिथेच लाल-हिरवे डाग उठतात. सीसीपी४ या संचातल्या एसडीआरजी (AceDRG) प्रोग्रॅमला बंधासकट, म्हणजे सिस्टीनचा सल्फर, शेवटचा कार्बन आणि बदललेला बंधक्रम सांगून जोडणीची फाइल बनवून घ्या. सल्फर ते कार्बन १.८१ अँगस्ट्रॉमच्या आसपास हवं. जोडणी द्यायलाच विसरलात तर प्रोग्रॅमला ते दोन परके अणू वाटतात आणि तो त्यांना साडेतीन अँगस्ट्रॉमपर्यंत ढकलतो. मग लोक विचारतात, कोव्हॅलंट लिगंड सुटलेलं का दिसतंय!

दुसरा घोटाळा जास्त चोरटा आहे. सोटोरासिबमध्ये पिपेराझिनवरच्या मिथाइलचा कायरल केंद्रबिंदू तर आहेच, शिवाय आयसोप्रोपाइल-मिथाइल-पिरिडिनची कडी ज्या बंधावर उभी आहे तो बंध फिरू शकत नाही. त्यामुळे डावं-उजवं अशी दोन रूपं होतात, आणि औषध त्यातलं एम रूप आहे. साध्या स्माइल्स ओळीत (रेणू अक्षरांत लिहिण्याची पद्धत) ही माहिती नसते. फाइल बनवणारा प्रोग्रॅम दोन्हींतलं कुठलंही उचलतो. चुकीचं उचललं तर आयसोप्रोपाइल उलट बाजूला जातं आणि हिस्टिडिन ९५ वर आदळतं. ६ओआयएमवर ठेवून एकदा डोळ्यांनी तपासा.

ऑक्युपन्सी १ ने सुरुवात करा. मास स्पेक ९५ टक्के म्हणत असेल तर कमी धरायला कारण नाही. मग लिगंडचा सरासरी बी-फॅक्टर भोवतीच्या अवशेषांच्या जवळपास येतो का ते पाहा. पोल्डर नकाशा (लिगंड वगळून काढलेला नकाशा) काढा, तोच चित्रात द्या. शेवटची तपासणी लायसिन १६ ची: अ‍ॅक्रिलामाइडचा कार्बोनिल त्याच्या नायट्रोजनकडे तोंड करून हायड्रोजन बंधाच्या अंतरावर यायला हवा. तो उलटा असेल तर लिगंड फिरवून बसवलेलं आहे.

---

प्लेटवाली

बफरच्या थेंबातही तेच स्फटिक आले. मुतखडा निघाला! टीईव्हीच्या साठ्यात ०.५ मिलीमोलर ईडीटीए होतं, आता बदललं.

द्रावणात लिगंड लावलं, दीडपट, वर सांगितलं तसंच. मास स्पेकमध्ये तीन शिखरं आहेत. मुख्य +५६१. एक लहान +११२१. आणि सुमारे दहावा हिस्सा प्रथिनाला लिगंड लागलेलंच नाही. त्याचं वस्तुमान मोकळ्या प्रथिनापेक्षा ७६ ने जास्त येतंय. एकीकडे जादा लागतंय, दुसरीकडे लागतच नाही. हे एकाच नळीत कसं?

आणि एक मूलभूत शंका. खाच मिटलेली असते, त्यात औषध फक्त जीडीपीच्या अवस्थेला लागतं. पेशीत तर हे म्युटंट सतत चालू, म्हणजे जीटीपीसोबत असतं असं वाचतो. मग औषध काम कसं करतं?

---

मूळ_बफर

दोन वेगवेगळी कारणं आहेत.

+७६ म्हणजे बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल. ७८ डाल्टनचा रेणू सिस्टीनशी डायसल्फाइड करून बसला, दोन हायड्रोजन गेले, उरले ७६. तुमच्या निकेल बफरमधलंच ते. आधीच्या टप्प्यात त्याने सिस्टीन १२ अडवून ठेवलं, मग सोटोरासिबला धरायला सल्फरच शिल्लक नाही. +३०५ दिसलं असतं तर ग्लुटाथायोन म्हटलं असतं. उपाय: लिगंडच्या आधी ताजं डीटीटी ५ मिलीमोलर, बर्फावर तासभर. मग डीसॉल्टिंग कॉलमवरून मॅग्नेशियमवाल्या, डीटीटी नसलेल्या बफरमध्ये, आणि लगेच लिगंड. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी लावाल तर पुन्हा ऑक्सिडेशन. पुढच्या वेळी निकेलवरही टीसीईपी वापरा.

+११२१ ची गोष्ट नॅनोड्रॉपमध्ये आहे. तुम्ही २८० ला केरासचा गुणांक ११,९२० घेतला असणार, आठ टायरोसिनचा. पण प्रत्येक रेणूत एक जीडीपी बसलाय आणि ग्वानिन २८० लाही बराच प्रकाश शोषतं. दोन्ही मिळून गुणांक २०,००० च्या घरात जातो. म्हणजे तुमचं ५० मायक्रोमोलर प्रत्यक्षात ३० होतं आणि दीडपट लिगंड अडीचपट झालं. जादा लिगंडने दुसरं सिस्टीन गाठलं. पृष्ठभागावर उघडं असलेलं ११८ हा पहिला संशयित. तुमचं १८ मिग्रॅ/मिली सुद्धा मग ११ च होतं, हे प्लेट लावताना ध्यानात ठेवा. ब्रॅडफर्डने एकदा पडताळा. त्याला न्यूक्लिओटाइड दिसत नाही.

आकडे सुधारून १.२ पट लावा. तरीही +११२१ राहिलं तर सिस्टीन काढलेलं रूप करा: सी५१एस, सी८०एल, सी११८एस. सोटोरासिबच्या कामात ते चालतं. पण त्याचा खर्च आणि वेळ आधी करायची गरज नाही. बाकीच्या सिस्टीनना हात लावलेला नाही, हे तुम्ही सुरुवातीलाच लिहिलं होतं; तो मुद्दा मी म्हणूनच मागे ठेवला होता.

---

स्विच_दोन

मूलभूत शंकेबद्दल. ‘सतत चालू’ हा शब्दच फसवा आहे.

रास (केरास ज्या कुटुंबातलं आहे ते प्रथिन) जीटीपी तोडून जीडीपी करतो आणि बंद होतो; एकटा फार हळू, आणि गॅप प्रथिन मदतीला आलं की पटकन. मदत कशी होते ते १९९७ च्या रास-रासगॅप रचनेत, १डब्ल्यूक्यू१ मध्ये दिसतं. गॅपचं आर्जिनिन ७८९ बोटासारखं आत येतं, रासच्या ग्लुटामिन ६१ ला जागेवर धरतं आणि फॉस्फेटवर जमणारा ऋणभार सांभाळतं. त्या क्षणी ग्लायसिन १२ ला हे सगळे इतके खेटून असतात की तिथे हायड्रोजनपेक्षा मोठं काही मावतच नाही. ग्लायसिनच्या जागी दुसरं काहीही आलं, सिस्टीन असो की अ‍ॅस्पार्टेट, की बोटाला जागा नाही. गॅप निकामी.

पण गॅप गेल्यावर उरते ती रासची स्वतःची, संथ गती. ती प्रत्येक म्युटंटमध्ये वेगळी असते. जी१२सी मध्ये ती जवळजवळ मूळ केरासएवढीच राहते; जी१२आर सारख्यांमध्ये खूप घटते. म्हणून जी१२सी पेशीत जीटीपीकडे झुकलेलं असलं तरी अडकून पडलेलं नसतं. अधूनमधून जीटीपी तुटतो, जीडीपीची अवस्था येते, स्विच-२ हलतो, आणि औषध तिथे टपून बसलेलं असतं. एकदा बंध झाला की एसओएस (रासमध्ये जीटीपी भरणारं प्रथिन) त्यात नवा जीटीपी भरू शकत नाही. फेरीगणिक एकेक रेणू बाद होत जातो.

हे तुमच्याच नळीत दाखवता येतं, आणि रचनेच्या बरोबरीने ही तुलना दिलीत तर परीक्षकाची अर्धी हरकत आधीच संपते. थोडं प्रथिन जीपीपीएनएचपी (न तुटणारी जीटीपीची नक्कल) भरून घ्या: प्रथिनात २०० मिलीमोलर अमोनियम सल्फेट, वीसपट जीपीपीएनएचपी आणि अल्कलाइन फॉस्फटेज. फॉस्फटेज सुटलेला जीडीपी खाऊन टाकतं, जीपीपीएनएचपी त्याला पचत नाही. यात ईडीटीए घालू नका, फॉस्फटेजला जस्त लागतं. नंतर मॅग्नेशियम वाढवून डीसॉल्ट करा आणि त्याच प्रमाणात, तेवढाच वेळ सोटोरासिब लावा. जीडीपीवालं पूर्ण लागतं, हे जवळजवळ कोरं राहतं. थोडं लागलेलं दिसलं तर तेवढा जीडीपी उरला होता असं समजा.

रचनेतून काय म्हणायचं आणि काय नाही, तेही पाहा. टायरोसिन ९६ आणि हिस्टिडिन ९५ ची मांडणी नीट रेखाटा, कारण रुग्णांत औषध चालेनासं होतं ते याच भिंतीवरून. वाय९६डी (टायरोसिन ९६ चं अ‍ॅस्पार्टेट) झालं की सोटोरासिब आणि अ‍ॅडाग्रासिब हे जी१२सी वरचं दुसरं औषध, दोन्ही हरतात. ९५ वरचे बदल अ‍ॅडाग्रासिबला नडतात, सोटोरासिबला तितके नाहीत. हिस्टिडिनशी अ‍ॅडाग्रासिबचा थेट बंध आहे, सोटोरासिब त्याच्या शेजारच्या चरात आयसोप्रोपाइल-पिरिडिन सारतं. अ‍ॅडाग्रासिबची रचना ६यूटी० शेजारी ठेवलीत की फरक लगेच कळतो. मात्र ‘औषध स्विच-१ ला अमुक स्थितीत आणतं’ असं एका स्फटिकावरून लिहू नका. तुमच्या जाळीत स्विच-१ शेजारच्या रेणूला टेकलेला असेल तर ती स्थिती जाळीचीही असू शकते. आधी सममितीतले शेजारी चार अँगस्ट्रॉमपर्यंत काढून पाहा.

---

आर_फ्री

वरच्याला जोडून एकच. ६१ ते ६८ च्या भागात डेन्सिटी तुटक निघाली तर ती ओढूनताणून बांधू नका. १ सिग्माला साखळी सलग दिसत नसेल तर तेवढे अवशेष मॉडेलमधून वगळा आणि रचना पीडीबीत जमा करताना तसंच नोंदवा. स्विच-२ चा हा वळसा बऱ्याच रचनांमध्ये नीट दिसत नाही. आणि स्फटिक एकापेक्षा जास्त असतील तर दोन-तीन डेटासेट घ्या. प्लेटी एकमेकींवर चढलेल्या असतात, पहिल्या दोन चित्रांत दुहेरी ठिपके दिसले तर बीमटाइम तिथे न घालवता पुढची लूप, म्हणजे पुढचा स्फटिक, लावा.